पत्ते विकायला संमती कोणाची?

दारव्ह्यातल्या त्या प्रकरणाची आठवण निघाली की अजूनही मन सुन्न होतं. पोलिसातल्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण हा धक्का वेगळा होता.

दोन शाळासोबत्यांनी भागीदारीत तालुक्यात इंटरनेट सेवा उभी केली होती. एक इंजिनिअर, दुसरा मेकॅनिक. एका सकाळी गावातलं निम्मं नेट बंद पडलं आणि इंजिनिअर रडत ठाण्यात आला. "साहेब, आमचे इंटरनेटचे पत्ते कोणीतरी चोरून इकले. त्या खात्याचा पासवर्ड आमा दोघायलेच माहीत हाये."

फोनला नंबर लागतो तसे नेटच्या जोडण्यांना आकडी पत्ते लागतात. नवे सहज मिळत नाहीत, म्हणून जुन्यांना गिऱ्हाईक असतं, हे मला त्या दिवशी कळलं.

गुन्हा नोंदवून मेकॅनिकला चौकशीला आणलं.

"साहेब, मी खांबावर चढतो, तारा जोडतो. पत्ते इकता येते, हेच मले आत्ता समजून राह्यलं."

"मग कोणी विकले?"

"भायेरचा असंन कोणी. पण माह्या दोस्तावर शक करू नका. मले अ‍ॅक्सिडेंट झालता तवा त्यानंच रक्त देल्लं."

ज्याच्या फिर्यादीवरून त्याला आणलं होतं, त्याचीच बाजू तो घेत होता!

दुसऱ्या दिवशी पेपरातली बातमी वाचून यवतमाळहून याच धंद्यातल्या एकाचा फोन आला. "साहेब, पासवर्डच्या मागं काहून लागले? पत्ते इकाले इकणाऱ्या कंपनीच्या अधिकृत माणसाची संमती लागते. घेणाऱ्याले गरज दाखवा लागते. मंग पत्त्यांची नोंद ठेवणारी संस्था मंजुरी देते. संमती कोणाची, ते पाहा."

संस्थेकडे लेखी विचारणा केली. उत्तरासोबत, मंजुरीआधी विकणाऱ्याची व्हिडिओ कॉलवर केलेल्या पडताळणीचं चित्रीकरण आलं. पडद्यावर आमचा फिर्यादीच होता! "भागीदाराची हरकत नाही ना?" या प्रश्नावर तो हसून म्हणाला, "अजिबात नाही." शेजारचा हवालदार उठून उभाच राहिला.

इंजिनिअरला बोलावून तेच चित्रीकरण दाखवलं.

"पत्ते घेणाऱ्या कंपनीत पुण्याले मोठी नोकरी भेटत होती. त्याले सांगतलं असतं तर त्यानं इकू देल्लं नसतं."

"म्हणून त्याला तुरुंगात धाडणार होतास?"

"तो आत गेला असता, तर मले विचारणारं कोणी उरलं नसतं."

आवाज जराही कापला नाही.

विश्वासघात आणि खोट्या फिर्यादीबद्दल त्याला अटक केली. मेकॅनिकला सांगितलं तेव्हा तो जायला उठला. मग म्हणाला, "साहेब, त्याच्या मायले मीच सांगतो. शिपाई पाठवू नका, म्हातारी भिईन."

विक्रीत कागदोपत्री एकही नियम मोडलेला नव्हता. अधिकार असलेला माणूस 'हो' म्हणाला होता आणि नियमाला तेवढंच पुरतं. तेव्हापासून फिर्यादीच्या डोळ्यांतलं पाणी मी पुरावा म्हणून कधीच धरलं नाही.