एक पुस्तक जास्त

माझ्या नोकरीतल्या मोठ्या गुन्ह्यांचे तपशील आता पुसट झाले आहेत, पण एका वाचनालयात नाहीशी झालेली जुनी वही मी विसरलेलो नाही. तिथल्या ग्रंथपाल बाई गेल्या महिन्यात वारल्या. त्यांच्या हयातीत यावर लिहायचं नाही असं मी ठरवलं होतं. आता लिहितो आहे, तेही सावकाश. एक परिच्छेद झाला की त्या दिवसापुरतं पुरे होतं.

कल्याणच्या पुढे टिटवाळ्याच्या बाजूला एका पोलीस ठाण्यात मी सहायक निरीक्षक होतो. गावात दोन खोल्यांचं जुनं सार्वजनिक वाचनालय होतं. आजूबाजूला इमारती उठत होत्या आणि वाचनालयाच्या जागेवर एका स्थानिक जमीनदाराने दावा लावला होता. सातबारा त्याच्या घराण्याच्या नावावर होता. दारावरची संगमरवरी पाटी मात्र जागेचे दाते म्हणून बाईंच्या वडिलांचं नाव सांगत होती. ते संस्थेचे पहिले चिटणीस. वकिलांनी स्थापनेच्या काळातली सभेच्या इतिवृत्ताची वही मागितली. कपाट उघडलं तर वही नव्हती. आठ दिवसांनी सुनावणी होती. वही मिळाली नसती तर वाचनालय रस्त्यावर आलं असतं. अध्यक्षांनी फिर्याद दिली.

कपाटाचं कुलूप शाबूत होतं. किल्ल्या दोनच, एक अध्यक्षांकडे आणि एक बाईंकडे. पण बाई तीस वर्षं तिथे होत्या. त्यांच्यावर संशय घेतला म्हणून अध्यक्ष माझ्यावरच रागावले. बाईंनी जबाबात ‘मला माहीत नाही’ एवढंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी खबर आली की जमीनदाराचा ड्रायव्हर कल्याणच्या एका रद्दीवाल्याकडे पोतं टाकून गेला. आम्ही पोतं उपसलं. त्यात जुनी वर्तमानपत्रं आणि लग्नपत्रिका निघाल्या. तरी मी जमीनदाराला चौकशीला बोलावलं. तो चिडलेला होता, पण नजर चुकवत नव्हता.

“सायेब, सातबारा माझे नावावर हाय. मना ती वही कशाला पायजे?” तो म्हणाला. मग त्याने विचारलं, “लिवलंय तरी काय तिच्यात?”

चोराला सहसा वस्तूची किंमत ठाऊक असते. याला वहीत काय आहे हेच माहीत नव्हतं. मी त्याला जाऊ दिलं.

मला लहानपणापासून वाचनाचा नाद. जुन्या पुस्तकांना गिऱ्हाईक असतं हे ठाऊक होतं, म्हणून आणखी काही गेलंय का ते पाहावं असं वाटलं. दाखलनोंदवही घेऊन सगळी पुस्तकं मोजायला लावली. आमचे हवालदार धूळ झटकत म्हणाले, “साहेब, पेन्शन वाचनालयातूनच मिळणार का आता?” बाईसुद्धा हसल्या. मात्र मासिकांच्या बांधीव खंडांचं कपाट आलं तशा त्या खुर्चीत बसल्या आणि पुन्हा उठल्या नाहीत.

मोजणी तीन दिवस चालली. एक पुस्तक कमी भरेल अशी माझी अपेक्षा होती. एक जास्त भरलं.

खंडांच्या रांगेत खाकी कव्हर घातलेला एक जाड खंड होता. पाठीवर नेटका क्रमांक, शेवटच्या पानावर कोरी तारीखपट्टी. नोंदवहीत तो क्रमांक वाळवीने खाल्लेल्या, लाल शाईने बाद केलेल्या एका पुस्तकाचा होता. मी कव्हर काढलं. आत इतिवृत्ताची वही होती.

वही लपवायचीच होती तर पोटमाळ्यावर टाकता आली असती, चुलीत घालता आली असती. पण कव्हर आणि क्रमांक घातल्याशिवाय पुस्तक फळीवर ठेवायला बाईंचा हात तयार झाला नव्हता.

मी सगळ्यांना बाहेर पाठवलं. बाईंनी मला वहीतलं एक पान उघडून दाखवलं. जागा त्यांच्या वडिलांनी दिलीच नव्हती. शेतावर राबणाऱ्या एका विधवेने ती दिली होती. खाली तिचा अंगठा होता. ती त्या जमीनदाराची आजी.

“पाटी नंतर समितीने लावली,” बाई म्हणाल्या. “दादा काही बोलले नाहीत. मी त्यांची मुलगी म्हणून इथे बसले.”

वही कोर्टात गेली की वाचनालय वाचणार होतं आणि वडिलांचं नाव जाणार होतं. मी त्यांना सांगितलं, वही मला पंचनाम्यात घ्यावीच लागेल, पण समितीपुढे ती तुम्ही ठेवलीत तर बरं. त्यांनी डोळे पुसले आणि त्याच संध्याकाळी वही टेबलावर ठेवून “माझ्याकडे होती” एवढंच सांगितलं. वही वाचनालयाबाहेर गेलीच नव्हती, तेव्हा चोरी झालेली नाही, असा अंतिम अहवाल मी पाठवला.

जमीनदाराने आजीचा अंगठा पाहिला तरी लगेच माघार घेतली नाही. दोन तारखा गेल्या. मग दावा काढून घेतला. दारावर आजीचं नाव लागावं, एवढीच त्याची अट होती.

पुढच्या वार्षिक सभेला मला बोलावलं होतं. इतिवृत्त बाईच लिहीत होत्या. त्यांनी लिहिलेलं वाचून दाखवलं, ‘सदर वही ग्रंथपालांनी दडवून ठेवली होती.’ अध्यक्ष अस्वस्थ झाले. म्हणाले, “बाई, वही सापडली, एवढंच पुरे. पन्नास वर्षांनी कोणी वाचेल ते.”

“म्हणून तर,” बाई म्हणाल्या. “दादा पाटीबद्दल गप्प बसले, पण वहीत त्यांनी खोटं लिहिलं नाही. ते पान त्यांच्याच अक्षरातलं आहे. मीही खोटं लिहिणार नाही.”

वाक्य तसंच राहिलं.

मी पुष्कळ कबुलीजबाब घेतले. बहुतेक माणसं पुरावा समोर आल्यावर बोलली, आणि मीही त्यालाच कबुली म्हणत आलो. मागायला कोणी उरलेलं नसताना दिलेली कबुली मी तेवढी एकच पाहिली.