चपलेच्या रबराची झडप

शिरूरच्या माझ्या वर्कशॉपमध्ये एक फोटो अजून टांगलेला आहे. कृषी प्रदर्शनात मी गळ्यात हार घालून उभा आहे आणि हातात खांबाचे खड्डे काढायचं अवजार आहे, लाल ऑइल पेंट दिलेलं. फोटोखाली माझं नाव आणि त्यापुढे 'संशोधक' असं छापलं आहे. त्या अवजाराबद्दल मी बारा वर्षं जे सांगत आलो ते खोटं आहे. पंच्याहत्तरी उलटली, म्हणून आता तरी खरं लिहून ठेवतो.

अवजार एका बाईचं. ती आणि तिचा नवरा तारेच्या कुंपणाचे खड्डे काढायचे. दोघांच्या घरी पूर्वी मेंढरं होती. ती विकल्यावर दौंडकडे नदीकाठच्या गावात थोडी शेती आणि बाकी वर्षभर खड्डे. नवरा पहारीनं जमीन फोडायचा. मग ती पोटावर झोपून, हात खांद्यापर्यंत आत घालून, तेलाच्या कापलेल्या डब्यानं माती वर काढायची. खड्डा किती खोल, तर तिच्या बगलेइतका. मोजायची पट्टी त्यांच्याकडे नव्हतीच. आदल्या दिवशी खड्डे काढायचे, सकाळी मालक येऊन मोजणार, आणि मगच खांब उभे करायचे, अशी इकडची रीत. त्यामुळे सकाळी ढासळलेली माती काढायला हात पुन्हा प्रत्येक खड्ड्यात जायचा.

एकदा ते दोघे दुकानात आले. तिच्या हातात लांब दांडक्याला बांधलेला डबा होता. डब्याचा तळ कापलेला, आणि आत जुन्या चपलेच्या रबराचा गोल तुकडा एका बाजूनं तारेनं शिवलेला. विहिरीतून मोटारीचा पाइप वर काढताना तिनं खालचा फुटव्हॉल्व्ह पाहिला होता. पाणी आत येतं तेव्हा झडप उघडते, परत जायला लागलं की मिटते. मातीचंही तसंच होईल, असं तिच्या डोक्यात आलं. डबा खड्ड्यात आपटला की रबर उचलून माती आत, वर ओढला की रबर खाली बसून माती अडलेली. काम होत होतं, फक्त मुरमात डबा चेपत होता. तो लोखंडाचा करून हवा होता.

मी म्हणालो, खड्ड्याजवळ झोपून आधी बघतो, पट्टीनं माप घेतो. ती हसली. "मामा, तुमचं प्वाट ऱ्हाऊ द्या. तुमी नुसतं उभ्यानं बगा." मग हसू थांबवून तिनं जे सांगितलं ते मी विसरू शकलो असतो तर बरं झालं असतं. "रातच्याला खड्ड्यात काय पडल, सकाळी दिसत न्हाई. माती काढायच्या आदी काय हाताला लागल त्याचा नेम न्हाई. मला माझा हात खड्ड्यात घालायचा न्हाई, येवढंच बगा."

आठ दिवसांत देतो म्हणालो. चार इंची पाइपाचा फूटभर तुकडा घेतला, खालची कड ग्राइंडरनं धारेला आणली, वर दांडा वेल्ड केला. रबर काढून पत्र्याची झडप बसवली, कारण रबर गावठी दिसत होतं. तिसऱ्या दिवशी अवजार तयार होतं. मागच्या परसात एक खड्डा काढून पाहिला आणि माझ्या लक्षात आलं की असं काही मी तीस वर्षांच्या धंद्यात केलं नव्हतं. पुढच्या महिन्यात प्रदर्शन होतं.

ते मी दिलं नाही. तिचा तो डबाही ठेवून घेतला, कारण तो कुणी पाहिला असता तर कल्पना कुणाची ते कळलं असतं. नवऱ्याचा फोन आला की सांगायचो, रंग वाळतोय, बेअरिंग मिळत नाही. बेअरिंग त्यात नव्हतंच.

प्रदर्शनाच्या दहा दिवस आधी तिला घोणस चावली. सकाळची वेळ, आदल्या दिवशीचा खड्डा, उजवा हात. तालुक्याच्या दवाखान्यात गेलो तेव्हा तो हात कोपरापर्यंत काळानिळा झाला होता. पुढे तीन बोटं काढावी लागली. जी राहिली त्यांची मूठ होत नाही.

नवरा बाहेर बाकावर बसला होता. मला पाहून उठला आणि एवढंच म्हणाला, "मामा, ते तयार झालं आस्तं तर." आरोप नव्हता त्यात. तरी माझ्या तोंडून निघालं, "तयार होतं की. सोमवारच्या टेम्पोत टाकलं होतं मी. तुम्ही उतरवून घेतलं नाही का?"

सोमवारी शिक्रापूरहून त्यांच्याकडे सिमेंटचे खांब घेऊन टेम्पो गेला होता, हे मला माहीत होतं. खांब त्यानं स्वतःच उतरवले होते. खांबांच्या खाली, टेम्पोच्या कोपऱ्यात, ड्रायव्हरच्या सीटमागे, सगळीकडे तो मनात शोधत असावा. मग त्यानं हात जोडले. म्हणाला, माझ्याकडूनच हरवलं, मामा, तुमची मेहनत वाया गेली. आणि मी त्याला म्हणालो, होतं असं, मनाला लावून घेऊ नका.

प्रदर्शनात ढाल मिळाली. नंतर तसली पंधरा-वीस अवजारं विकली आणि बहुतेक परत आली, पत्र्याच्या झडपेत मुरमाचे खडे अडकतात म्हणून. उपाय मला ठाऊक होता: रबर लवतं, पत्रा लवत नाही. रबर परत बसवलं असतं तर आधी त्या डब्याकडे पाहावं लागलं असतं. मी ते बनवणंच बंद केलं. दर रविवारी मिशन कंपाउंडातल्या चर्चमध्ये मंडळीबरोबर पापकबुली म्हणत आलो. सगळे एकदम म्हणतात, त्यात एकाचं वेगळं ऐकू येत नाही.

यंदा शिक्रापूरच्या खांबवाल्यानं सहज सांगितलं की तिचा नवरा काविळीनं गेला. त्यानंतर महिन्याभरानं मी तो जुना डबा पिशवीत घालून, दांडा वेगळा बांधून, दौंडच्या एसटीत बसलो. तो असताना मी गेलो नाही, हेही इथंच लिहिलेलं बरं.

ती ओट्यावर डाव्या हातानं लसूण सोलत होती. शेजारच्या रानात ट्रॅक्टरला लावलेलं गिरमिट खड्डे पाडत होतं, चहा होईपर्यंत सात-आठ. मी सगळं सांगितलं, टेम्पोचंही. डबा पुढे ठेवला. तिनं तो ओळखला. रबराला बोट लावलं तर त्याचा कडक तुकडा मोडून हातात आला.

"लोखंडाचं केलं त्यात रबर का न्हाई बसिवलं?" तिनं विचारलं. बारा वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. चांगलं दिसावं म्हणून, असं मी सांगितलं.

तिनं सालं गोळा केली. मग म्हणाली, हाताचं मला काय वाटत न्हाई, हात ज्याचा त्याचा. पण नवरा दर बाजाराला भंगारवाल्यांची दुकानं हिंडायचा. कुठलाही टेम्पो उभा दिसला की ड्रायव्हरला विचारायचा. लोक हसायला लागले तरी विचारायचा. तिच्या उजव्या हातानं भाकरी थापता येईना, तर शेवटपर्यंत त्यानंच थापल्या, आणि एकही भाकरी तिच्याकडे बघून वाढली नाही.

"काविळीत दवाखान्यात निजल्यावर बी त्येच. कुटं ठिवलं आसंल गं मी, म्हनायचं."

मी डबा तिच्याकडे सरकवला. तिनं तो पायानं हळूच माझ्याकडे परत केला.

"घिऊन जा, मामा. आता सापडलं म्हनून मी कुनाला सांगू?"

परतीच्या गाडीत तो डबा मांडीवर होता. कंडक्टरनं विचारलं, हे काय, आबा. खांबाचे खड्डे काढायचं अवजार, म्हणालो. कुणी केलं, हे त्यानं विचारलं नाही. तिकीट फाडून तो पुढच्या सीटकडे गेला.