अकरा पट्ट्यांचं चाक

महिपतभाई भाटकर बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे बघत नसत, हातांकडे बघत. तीस वर्षं तारखात्यात टेलिप्रिंटर दुरुस्त केल्याचा तो परिणाम. पहिल्याच भेटीत माझे हात बघून त्यांनी निकाल दिला होता, "टाइप बरा करशील. पाना मात्र हातात घेऊ नको." मी कोर्टात कारकून. तो सल्ला मी आजतागायत पाळला आहे.

१९८६ साली रत्नागिरीत आमचा हौशी रेडिओवाल्यांचा क्लब होता. सात सभासद, वाचनालयामागची एक खोली, आणि सरकारी परवाना माझ्या नावचा. आम्हाला वेड होतं ते छापील संदेशांच्या स्पर्धेचं. मी इथे टाइप करायचं, ते रेडिओवरून जाऊन जपानमधल्या कुणाच्या तरी यंत्रावर छापून निघायचं आणि त्याचं उत्तर आमच्या कागदावर उमटायचं. ठरलेल्या बारा तासांत ज्याचे संपर्क जास्त, तो जिंकला.

यंत्र भाईंनी उभं केलेलं. खात्याने मोडीत काढलेले दोन टेलिप्रिंटर आणून वर्षभराच्या रविवारांत त्यांनी दोहोंचा एक केला. तो सुरू झाला की वाचनालयातले म्हातारे पेपर आपटून बाहेर पडत.

अडचण एकच होती. खात्याच्या यंत्रांपेक्षा हौशी लोकांची यंत्रं थोडी सावकाश चालतात, आणि वेग जुळला नाही तर कागदावर नुसता कचरा छापला जातो. वेग तपासायची भाईंची रीत बघत राहावी अशी होती. मोटरच्या चाकावर दहा पांढरे पट्टे असत. नादकाटा, म्हणजे आपटला की ठरावीक वेगाने थरथरणारा पोलादी चिमटा, गुडघ्यावर आपटायचा आणि त्याच्या टोकांना बसवलेल्या पत्र्यांच्या फटीतून फिरत्या चाकाकडे बघायचं. वेग बरोबर असला तर पट्टे जागच्या जागी थांबल्यासारखे दिसतात. हा झाला खात्याचा वेग. आमच्या वेगासाठी भाईंनी हिशेब करून त्याच चाकावर, जुन्या पट्ट्यांच्या आतल्या बाजूला, अकरा पट्ट्यांची दुसरी रांग रंगवली. हे अकरा थांबले की आमचं जुळलं. असलं काही सुचायला इंजिनिअर लागतो अशी माझी समजूत होती. भाई सातवी पास होते.

तिकडे अलोऱ्याच्या प्रकल्प वसाहतीत इंजिनिअरांचा क्लब होता. त्यांच्याकडे हेच काम करणारा, परदेशातून आलेला छोटा कॉम्प्युटर होता, तो आवाजच करत नसे. आमच्या सभेत अध्यक्ष गंगाराम मयेकर म्हणाले, हे धूड काढा, अर्धी खोली अडवलीय. धाकू वायरमनने मान डोलावली. "भाई, ह्यो डबा काढा आता. किती दिवस ओढणार?" बाकीचे माझ्यासकट गप्प बसले. भाई शांतपणे म्हणाले, "एक स्पर्धा द्या. अलोऱ्याला हरवला नाय, तर मीच हातगाडी घेऊन येतो." ठराव झाला, मीच तो लिहिला.

आदल्या दिवशी भाईंनी यंत्र सगळं खोलून पुसलं, तेल घातलं, वेग लावला. शनिवारी पहाटे साडेपाचला स्पर्धा सुरू झाली आणि कागदावर अक्षरांचा नुसता शिमगा. एक नाव लागेना, एक आकडा लागेना. सहा वाजले, सात वाजले. मयेकरांनी घड्याळ बघितलं आणि सगळ्यांची नजर धाकूवर गेली, कारण दोन माडांमध्ये आमची एरियलची तार त्यानेच बांधली होती. खाऱ्या वाऱ्याने तारेवर मीठ धरलं असणार, सांधे गेले असणार, कामात लक्ष नसतं याचं, असं जो तो बोलू लागला. मीही बोललो. धाकू बिचारा चार वेळा माडावर चढला, तार पुसून आला, खोडाला घासून त्याच्या छातीची सालटी निघाली.

नवाच्या सुमाराला भाईंनी सगळ्यांना गप्प केलं आणि स्पीकरला कान लावला. "आवाज सोच्छ येतोय. तारेला काय झालेला नाय." मग त्यांनी नादकाटा काढला, गुडघ्यावर आपटला आणि चाकाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. चेहरा पडला.

थांबलेले पट्टे बाहेरच्या रांगेतले होते. आदल्या दिवशी तीस वर्षांच्या सवयीने त्यांचा डोळा खात्याच्या दहा पट्ट्यांवर गेला होता.

आता खरं सांगतो. त्यांच्या जागी मी असतो तर गुपचूप वेगाचा स्क्रू फिरवला असता आणि "धाकूने तार पुसली, बघा कशी चालली" म्हणून मोकळा झालो असतो. चाकातलं कळणारं आमच्यात दुसरं कोणी नव्हतं. भाई खिडकीशी गेले आणि माडावरच्या धाकूला साऱ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "धाकू, उतर खाली! तुझी काय चूक नाय. माझ्या हातनं झालाय ह्ये."

मोटर थांबवायची, स्क्रू किंचित फिरवायचा, पुन्हा चालू करून बघायचं, असं करत पाऊण तास गेला. आणि मग कागदावर ओसाकातल्या माणसाचं नाव स्वच्छ छापून आलं. त्यानंतर मी जेवलो नाही, कुणी जेवलं नाही. भाई यंत्राशेजारी स्टुलावर बसून दर अर्ध्या तासाने चाक बघत होते. संध्याकाळी साडेपाचला मोजले तेव्हा एक्केचाळीस संपर्क झाले होते. क्लबच्या जन्मात एवढे झाले नव्हते.

थोड्या वेळाने अलोऱ्याच्या पाटणकरांनी रेडिओवर येऊन त्यांचा आकडा सांगितला. चव्वेचाळीस.

भाईंनी नादकाटा फडक्यात गुंडाळला, खिशात घातला आणि चपला घालून निघाले. मला रडू आलं, ते मी खोकल्यावर ढकललं.

सोमवारी सकाळी ते शब्दाप्रमाणे हातगाडीवाला घेऊन आले. खोली उघडीच होती, यंत्रापाशी धाकू उभा. भाईंनी सवयीप्रमाणे त्याच्या हातांकडे बघितलं. बोटं काळ्या रंगाने माखली होती. मग त्यांनी चाकाकडे बघितलं. बाहेरच्या दहा पट्ट्यांवर काळा रंग फासला होता, आणि आतले अकरा तेवढे पांढरे स्वच्छ उरले होते.

"आता चुकून दाखवा," धाकू म्हणाला. "मयेकरांना सांगून आलोय मी. ह्यो डबा ग्येला तर माझी तारपण माडावरनं उतरली."

भाईंनी प्रथमच त्याच्या हातांवरून नजर उचलून तोंडाकडे बघितलं. मग दाराकडे वळून हातगाडीवाल्याला म्हणाले, "जा रे बाबा. हितं भंगार नाय."