सहाव्या शतकातलं ठेंगणं दार

डिम्पना हेशन बाईंनी किलडार्राच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं, आणि निवृत्तीनंतर गावाला न विचारता गावाचा इतिहास सांगितला. फेस्टी कोइन या शेतकऱ्याच्या कुरणातली दगडी कुटी सहाव्या शतकातल्या भिक्षूची, हा त्यांचा शोध. दार कमरेएवढं, म्हणजे भिक्षूची नम्रता. भिंतीतला कोनाडा पोथीसाठी. पुस्तिकाही काढली, तळटीपांसकट. गावच्या संताच्या सणादिवशी निम्मं गाव जपमाळ घेऊन कुटीला सात फेऱ्या घाली.

येत्या रविवारी, संताच्याच दिवशी, बिशप तिथं दगडी फलक लावणार होते, खाली बाईंचं नाव. शुक्रवारी बाई जागेच्या मालकाची सही घ्यायला गेल्या. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या फेस्टी कोइननं चहा ओतला, सोडा ब्रेडला लोणी फासलं आणि पेन बाजूला ठेवलं.

"बाई, दगडात कोरणार म्हणून बोलतो. ती माझ्या बापानं बांधली. डुकरिणीसाठी. दगड मीच उचलून देत होतो."

"आणि कोनाडा?"

"कोंबडी बसायची."

"मग वीस वर्षं तोंड शिवलं होतं का तुमचं?"

"तुम्ही विचारलंत कुठं? सांगत होतात. घरी आलेल्या माणसाला चहा द्यायचा, का खोटं पाडायचं?"

"अहो, तुम्ही स्वतः फेऱ्या घालता!"

"प्रार्थना तर खरी ना? गुडघेही मोकळे होतात."

फेस्टी पुन्हा तोंड उघडणार नव्हता. बाई गप्प बसल्या, की नाव दगडात पक्कं. बोलल्या, की आयुष्यभराचा मान एका डुकरिणीपायी जाणार. गॅलवे विद्यापीठाची पदवी घेतलेली ही विदुषी! लहानपणी अशाच दारातून वाकून डुकरांना बटाट्याची सालं घालायची, आणि म्हातारपणी त्यात नम्रता दिसली.

रविवारी प्रार्थना संपल्यावर चर्चच्या फाटकाशी बाईंनी बिशपांसमोर सगळं सांगून टाकलं. कुणी दचकलंसुद्धा नाही.

"कळलं एकदाचं!" पोस्टातली नोरा टली म्हणाली.

"म्हणजे तुम्हा सगळ्यांना ठाऊक होतं?"

"हो, पण तुम्ही केवढ्या खुशीत होतात, बाई!"

हे मात्र बाईंना झोंबलं. बिशपांनी हसू गिळून फलक गाडीत परत ठेवायला लावला. तरीही लोक जपमाळा काढून कुरणाकडं निघाले.

"चला बाई, व्हा पुढं," नोरा म्हणाली.

"डुकराच्या घराला?"

"आता सवय झालीय."

बाई पुढं झाल्या. तिसऱ्या फेरीला त्या बिशपांना डुकरिणीची खाण्याची डोण नेमकी कुठं असणार ते ठासून समजावत होत्या. मागून फेस्टी नेहमीसारखी आदरानं मान डोलवत होता, म्हणजे तेही चुकीचंच असणार.