मांडवाची सालई

नातीचा मांडव उद्या पडायचा आहे. आज सकाळी ताज्या तोडलेल्या सालईच्या डिंकाचा वास अंगणात आला आणि मी हातातलं सूप खाली ठेवलं.

तिरोडीतल्या याच घरात मी नवी नवरी होते. लग्नाचा मांडव अजून उतरवला नव्हता, तोच अवकाळी पाऊस कोसळला आणि घरामागचा खाणीच्या मातीचा ढिगारा खचला. काळा चिखल न्हाणीपर्यंत आला. उजाडताच सासूबाईंनी मांडवाचे खांब, त्या सालईच्या ओल्या मेढी, उपटल्या. "चाल, उतारावर रोवू. सालई तोडली तरी मरत नाई, मुळ्या धरते."

मी मेढ धरून उभी होते, त्या पहारीने खड्डा करत होत्या. प्रत्येक घावासरशी पायाखालचे खडे सुटून आमच्याच कौलांवर वाजायचे.

"मले भेव लागते, आत्याबाई."

"मलेबी लागते. म्हून तं रोवून राह्यली."

त्या मेढींची आता झाडं झाली आहेत. त्यांनीच तो उतार धरून ठेवलाय. भीती केव्हाच गेली, असं मला वाटत होतं.

मांडवाच्या मेढी आणायला पोरं जंगलात जायची होती. पण आजचा वास जंगलाकडून नाही, घरामागून येत होता. कुऱ्हाडीचा आवाजही तिथूनच. मी अनवाणीच चढू लागले. "पोट्टेहो, फांद्या न्या! झाडाच्या बुडाले हात नका लावू!"

पायाखालून एक खडा सुटला आणि खाली कौलावर वाजला.