डाव्या बाजूचं हँडल

मी आराखडे काढायला शिकले ते थोडं टपालानं, थोडं टीव्हीवरून आणि उरलेलं संगमनेरच्या एसटीत. हल्ली माझी भाची मोबाईलवर लेक्चर बघते, मग कॉलेजात जाऊन प्रॅक्टिकल करते, आणि ह्या पद्धतीला काहीतरी भारदस्त इंग्रजी नाव आहे म्हणून मलाच समजावत बसते. मी ऐकून घेते. अगं बाई, आम्ही हे नव्वदच्या दशकात राजूरला करून बसलोय, तेही नवऱ्याला छपरावर चढवून.

बारावी सायन्सला मला चांगले मार्क होते. नगरला डिप्लोमाला जाते म्हटलं, तर वडील म्हणाले, पोरीला मशिनं कशाला. आठ दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. नवव्या दिवशी त्यांनी माझं लग्नच ठरवून टाकलं. काष्टीची सपाट रानं सोडून मी राजूरच्या डोंगरात आले. नवरा लाइटीच्या खात्यात वायरमन, घरची थोडी भातशेती, सासरे वारलेले, आणि सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणायची. आत्या मोजकं बोलायच्या आणि बोलल्या की विषय संपायचा.

लग्नानंतर तिसऱ्या वर्षी ह्यांनी कुठूनसं एक माहितीपत्रक आणलं. वस्तूंचा आराखडा कसा करायचा, ह्याचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम. पुस्तकं टपालानं येणार, धडे टीव्हीवर लागणार, आणि महिन्यातल्या एका रविवारी संगमनेरच्या अभ्यासकेंद्रात संपर्कसत्र. तिथल्या सरांना सर नाही, समंत्रक म्हणायचं, असं पुस्तकातच छापलेलं. मी नाचायचीच काय ती बाकी राहिले होते. आत्यांना विचारलं. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "दोन वर्सं शीक. तिसरं न्हाई."

एवढ्यावर मी खूश. पोस्टमननं पहिलं पुडकं आणलं तेव्हा त्याला चहा पाजला आणि वर पोहेही खायला लावले. जेवणाच्या पाटावर ड्रॉइंगची शीट चिकटवून मी सरळ रेघा ओढायला बसायची. धडा टीव्हीवर दुपारी लागायचा. राजूरला चारी बाजूंनी डोंगर, त्यामुळं पडद्यावर सरांपेक्षा मुंग्याच जास्त. हे घरी असले की छपरावर चढून अँटेना फिरवायचे. "आलं का?" "आलं, आलं... गेलं!" ह्या आमच्या आरोळ्यांवरून अख्ख्या आळीला कळायचं, की हिचा तास सुरू झाला. शेजारणी विचारायच्या, आज सर दिसले का गं नीट? आणि आत्या भिंतीला टेकून बसायच्या. त्यांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं, तरी धडा संपेस्तोवर उठायच्या नाहीत.

दुसऱ्या वर्षी निम्मे मार्क एकाच कामाला होते. ओळखीतल्या एका माणसाची अडचण हेरायची, त्याच्यासाठी वस्तू करायची, आणि डिसेंबरच्या संपर्कसत्रात त्या माणसानं ती सगळ्यांसमोर वापरून दाखवायची. जमलं नाही, तर वर्ष पुन्हा. आणि माझ्याकडं तिसरं वर्ष नव्हतं.

माणूस शोधायला लांब जायची गरजच नव्हती. भाताची झोडणी झाली की आत्या उफणायला उभ्या राहायच्या आणि नेमकं वारं पडायचं. तास तास सूप धरून वाऱ्याची वाट बघायची. मी ठरवलं, हातानं फिरवायचा पंखा करायचा. वर भाताची पेटी, तिला सरकती झडप. एका हातानं हँडल फिरवायचं, दुसऱ्यानं झडप उघडायची. दाणे खाली, फोलपट लांब. एकटीचं काम, वाऱ्याची मिनतवारी नको.

पुस्तकात बजावलेलं, की आधी त्या माणसाला तासभर काम करताना बघा आणि मगच तक्ता भरा. मी काय केलं? घरचंच माणूस, बघायचं काय त्यात, म्हणून ओट्याशी उभ्या उभ्या तक्ता भरून टाकला. उंची, वय, बसण्याची पद्धत. 'कामाचा हात कोणता?' उजवा. दुसरा कोणता असणार? पाठवून दिला टपालानं.

मग आराखडा. एखादी वस्तू समोरून कशी दिसते आणि बाजूनं कशी दिसते, अशा दोन आकृत्या शेजारी शेजारी काढायच्या. टीव्हीवरच्या सरांनी उजवीकडून दिसणारी आकृती उजवीकडंच काढून दाखवली. मला ते लगेच पटलं. पुढं ते म्हणाले, "परंतु दुसऱ्या पद्धतीत..." आणि लाइट गेली. ती घालवली कुणी? आमच्याच ह्यांनी. वरच्या वाडीच्या खांबावर काम होतं, म्हणून त्यांनी स्वतःच्या हातानं लाइन बंद केली होती. ती दुसरी पद्धत, जी आमच्या पुस्तकात होती आणि इकडचे सगळे कारागीर वापरायचे, ती बरोबर उलटी. उजवीकडून दिसणारी आकृती डावीकडं काढायची. ते पान मी वाचलं होतं, पण सर दिसले की पुस्तक कोण लक्षात ठेवतं! समोरच्या आकृतीत हँडल काढायला कागद पुरेना, म्हणून तिथं सोडून दिलं. बाजूच्या आकृतीत आहे की, म्हटलं.

तालुक्याच्या गावी, अकोल्याला, एका वेल्डिंगवाल्यानं दिवाळीनंतर पंखा करून दिला. मी बघायला गेले आणि माझं डोकंच फिरलं. हँडल डाव्या बाजूला. मी त्याला नाही नाही ते बोलले. तो बिचारा शांतपणे हात पुसून आला, माझीच शीट जमिनीवर पसरली आणि म्हणाला, "ताई, तुमी काढलंय तसंच केलंय." मी वाकून बघत राहिले. अर्धा आराखडा पुस्तकाचा, अर्धा टीव्हीचा. उजवीकडून दिसणारी आकृती मी टीव्हीसारखी उजवीकडंच काढली होती, आणि त्यानं पुस्तकाच्या पद्धतीनं ती डावीकडून दिसणारी धरली होती. दुरुस्त करून द्या म्हटलं, तर गळीत हंगामाच्या ट्रॉल्या रांगेत उभ्या. जानेवारीशिवाय हात लावायला वेळ नव्हता. एसटीच्या टपावर टाकून पंखा घरी आणला. बसमध्ये मी खिडकीकडं तोंड करून रडत होते. खळ्याच्या कडेला तो ठेवला आणि वर पोतं टाकलं, तोंडही बघायला नको म्हणून.

दुसऱ्या दिवशी वारं पडलेलं. मी चुलीपाशी होते, तर खळ्यावरून घर्र घर्र आवाज यायला लागला. धावत गेले. आत्यांनी पोतं फेकून दिलं होतं आणि डाव्या हातानं पंखा असा काही फिरवत होत्या, की फोलपट थेट बांधापलीकडं चाललं होतं. उजव्या हातानं झडप मागं-पुढं. ना अडखळणं, ना दम लागणं. मी अकोल्यात फिरवून बघितला होता तेव्हा मला दहा फेरेसुद्धा धड जमले नव्हते.

मी म्हटलं, आत्या, तुम्ही डावऱ्या? त्यांनी पहिल्यांदा इकडंतिकडं बघितलं. मग हळू आवाजात सगळं सांगितलं. लहानपणी डाव्या हातावर काठी बसायची, घरीही आणि शाळेतही. चौथीपर्यंत शिकल्या, त्यात अक्षरापेक्षा मारच जास्त. लग्न ठरताना त्यांच्या आईनं शपथ घातली होती, सासरी कळू द्यायचं नाही. वाढायचं, जेवायचं, देवाला वाहायचं सगळं उजव्यानं. कापणीला मात्र त्या ओळीच्या शेवटच्या कडेला राहायच्या, सगळ्यांकडं पाठ करून.

आणि मी बावळट! आत्यांच्या चकल्यांचे वेढे माझ्या चकल्यांच्या उलटे पडायचे आणि मी म्हणायची, काय छान वेगळी तऱ्हा आहे. विळ्यानं कापायचं ते नेमकं त्यांच्या उजव्या हाताचं बोट. तीन-चार वर्षं एका चुलीवर स्वयंपाक केला आणि बघितलं म्हणून नाही. माझा तक्ता चुकीचा होता, आराखडाही चुकीचा होता, आणि दोन्ही चुका मिळून यंत्र बरोबर झालं होतं. मला हसू आवरेना. आत्यांना मात्र हसू आलं नाही. हे कुणाला सांगायचं नाही, म्हणाल्या, तिकडं संगमनेरलाही नाही. मी शब्द दिला.

म्हणजे झालं असं, की टपालानं गेलेल्या तक्त्यात उजवा हात आणि यंत्रात डावा. तक्ता दुरुस्त करायचा तर आत्यांचं गुपित फोडायचं. नाही केला, तर यंत्र चुकलेलं. आत्या म्हणाल्या, मी उजव्यानं फिरवून दाखवते की. आम्ही पंखा आणि पोतंभर भात घेऊन रविवारी पहाटेची गाडी धरली.

वर्गात वीस-पंचवीस जण होते, सगळे पुरुष. कुणी सायकलला लावायचा फवारा आणलेला, कुणी घडीची शिडी. आमची पाळी आली. आत्या खाली बसल्या आणि उजवा हात पोटावरून वळवून हँडल धरलं. पंखा अर्धा फेरा घ्यायचा आणि थांबायचा. भात सगळा एकाच जागी पडला, फोलपटासकट. मागून कुणीतरी हसलं. समंत्रकांनी माझा तक्ता बघितला, यंत्र बघितलं आणि पेन उघडलं. त्यांनी विचारलं, वापरणाऱ्याचा हात उजवा आणि हँडल डावीकडं, हे कसं? मी म्हटलं, सर, माझी चूक झाली, आराखड्यात...  दोन वर्षं डोळ्यांसमोरून गेली.

आत्यांनी हँडल सोडलं. पदर खोचला. डावा हात सगळ्यांना दिसेल असा वर केला.

"साहेब, माजा हात डावा हाय. चूक कागदात हाय, यंत्रात न्हाई."

मग त्यांनी त्या हातानं पंखा फिरवला. वर्गभर फोलपट उडालं, समंत्रकांच्या चष्म्यावरसुद्धा. मघाशी हसणाराच पुढं येऊन टाळ्या वाजवायला लागला. मला काय वाटलं सांगू? मार्कांचं काही सुचलंच नाही. चाळीस वर्षं झाकलेली गोष्ट ही बाई माझ्यासाठी पंचवीस परक्या पुरुषांसमोर उघडी करून बसली होती.

चष्मा पुसून समंत्रकांनी मला विचारलं, हे ठरवून केलंत का? हो म्हणायचा मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण आत्यांच्या खऱ्यानंतर मला खोटं बोलवेना. पुस्तक, टीव्ही, लाइट, खांबावरचा नवरा, सगळं सांगून टाकलं. वर्ग पोट धरून हसला. समंत्रक म्हणाले, यंत्राचे मार्क पूर्ण, निरीक्षणाचे शून्य. बेरीज पास होण्यापुरती होत होती. त्यांनी तक्ता दुरुस्त करायला लावला आणि आत्यांची सही मागितली. आत्यांनी सवयीनं पेन उजव्या हातात घेतलं, क्षणभर थांबल्या आणि डाव्यात घेतलं. अक्षरं तिरकी आली, पण एकही थरथरलं नाही.

परतीच्या गाडीत आम्ही शेंगदाणे खात होतो. आत्या ते डाव्या हातानं तोंडात टाकत होत्या, खुशाल, कंडक्टरच्या देखत. अकोलं मागं पडल्यावर म्हणाल्या, "आता तुज्यासाठी एक उजवं कर. तुला ह्ये न्हाई जमायचं."

तिसऱ्या वर्षी पुढच्या अभ्यासक्रमाचा फॉर्म त्यांनी स्वतःच पोस्टात नेऊन टाकला. उजव्या हाताचा पंखा मात्र मी अजून केलेला नाही. वारं पडलं की आत्याच बसायच्या खळ्यावर, आणि मी समोर बसून तासभर नुसती बघायची.