आरशाखालची तीन बटणं

आमच्या गाडीतल्या आरशाच्या खालच्या कडेला तीन बारीक बटणं आहेत. वापरलेली गाडी घेतली तेव्हा विकणाऱ्याला विचारलं होतं, ही कशाची? "गेट उघडायची असतात म्हणे. आम्ही कधी हात लावला नाही, साहेब." मीही दोन वर्षं लावला नाही. गेट उघडायला माझ्याकडे हॉर्न होता.

शेंद्र्याच्या कारखान्यातून सुटलो की जालना रोडने चिकलठाण्याजवळच्या आमच्या कॉलनीत यायचं, गेटसमोर गाडी उभी करायची, दोनदा हॉर्न द्यायचा आणि बायको येऊन गेट सरकवेपर्यंत स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसायचं. गाड्या बदलल्या, पण अठरा वर्षं हे असंच चाललं. तिला वेळ लागला तर तिसरा हॉर्न. तो वाजला की शेजारच्या काकू ओट्यावरून ओरडायच्या, "पळ गं बाई, लाटसाहेब आले!" सगळे हसायचे. मीही हसायचो.

गेल्या हिवाळ्यात तिचा उजवा खांदा आखडला. वेणी घालायला हात वर जाईना. डॉक्टरांनी विचारलं, "घरात काही जड ओढता का?" ती म्हणाली, "नाही हो, घरचंच काम." मीही मान डोलावली. दवाखान्यातून परत आलो, गेटसमोर गाडी थांबवली, आणि ती सवयीने खाली उतरली. डाव्या हाताने ते लोखंडी गेट धरून, अंगाचा सगळा भार टाकून ओढायला लागली. मी आत बसून बघत होतो. उतरलो नाही. गेट अर्धं सरकल्यावर डॉक्टरांनी काय विचारलं होतं ते माझ्या डोक्यात शिरलं.

आठवड्याच्या आत गेटला मोटर बसवली. सोबत एकच रिमोट मिळाला, तो मी खिशात ठेवायला लागलो. चौथ्याच दिवशी तो कारखान्यातल्या लॉकरमध्ये विसरला. गेटसमोर खिसे चाचपले आणि हात आपोआप हॉर्नवर गेला. दोनदा. ती आली, किल्लीने मोटर मोकळी केली आणि पुन्हा हातानेच गेट ओढलं. त्यानंतर दोन दिवस तिला कूस बदलता येत नव्हती. तेव्हा मला आरशाखालची बटणं आठवली. रिमोट विसरेल, आरसा काही विसरणार नाही.

आमच्या कारखान्याला शुक्रवारी सुट्टी असते. त्या शुक्रवारी सकाळी मी गाडीसोबत मिळालेली पुस्तिका घेऊन गाडीत बसलो. रिमोट आरशाजवळ धरायचा, त्याचं आणि आरशाचं बटण एकदम दाबायचं, आरशातला दिवा आधी सावकाश आणि मग भराभर लुकलुकला की झालं, असं मी वाचलं. म्हणजे पहिलं पान वाचलं. दिवा लुकलुकला. आरशाचं बटण दाबलं. गेट ढिम्म. चार वेळा केलं. मग पुस्तिका सीटवर टाकली, मोटरचं झाकण काढलं, आत एक बटण दिसलं ते रागाने दाबून धरलं. मोटर बसवणाऱ्याने बजावलं होतं, हे जास्त वेळ धरू नका, आधी शिकवलेलं सगळं पुसलं जातं. ते आठवलं तेव्हा उशीर झाला होता. आता रिमोटलाही गेट दाद देईना.

अकराला तिला खांद्याच्या व्यायामाला जायचं होतं. ती पर्स अडकवून बाहेर आली.

"झालं का?"

"होतंय."

तिने गेटकडे पाहिलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मोटरच्या किल्लीकडे हात नेला.

"नको. हात लावू नकोस," मी म्हणालो. आवाज जरा चढलाच. मग तिथेच, हातात झाकण धरून, मी तिला सांगितलं की त्या दिवशी दवाखान्यातून आल्यावर मी गाडीतून उतरलो नव्हतो. अठरा वर्षांत एकदाही उतरलो नव्हतो. तुझा खांदा माझ्यामुळे गेला.

तिचं माहेर गंगापूरकडचं. रंगात आली की बोलणं तिकडचं होतं. "खांद्याचं काय घेऊन बसलात? खांदा आत्ता आखडला. भाकरीचं बोला."

"कुठली भाकरी?"

"तव्यावरची. तुमचा हॉर्न वाजला की ती तव्यावरच ऱ्हायची. परत येईस्तोवर करपलेली. रोज एक. ती कोण खायचं, इचारलं कधी?"

"कोण?"

"लाटसाहेब तर नाय!"

ती हसत होती. मला हसता आलं नाही. अठरा वर्षं समोरासमोर बसून जेवलो आणि तिच्या ताटात काय आहे ते मी पाहिलं नव्हतं.

"आता रडू नका, साडेदहा झालेत," असं म्हणून तिने सीटवरची पुस्तिका उचलली, माझ्या नाकावरचा चष्मा काढून स्वतःच्या नाकावर ठेवला आणि पान उलटलं. "हे बघा की. गाडी रिमोटचं शिकली. पण ह्या गाडीचं ऐक म्हणून गेटला कुणी सांगितलं? मोटरचं बटण एकदा दाबून लगेच सोडायचं, अन् अर्ध्या मिनिटात गाडीतलं दाबायचं. दोन माणसांचं काम आहे. बसा आत."

मी बसलो. ऊन थेट आरशावर येत होतं, दिवा दिसेना. तिने आधी खिडकीतून डावा हात घालून पदराची सावली धरली, दिवा पेटतोय याची खात्री केली, मग मोटरपाशी गेली.

"दाबलं! दाबा!"

मी दाबलं. काही नाही.

"पुन्हा दाबा की, दोन-तीनदा लिहिलंय!"

पुन्हा दाबलं. गेट कुरकुरलं आणि सरकायला लागलं. कोणी ओढत नव्हतं. ती बाजूला हात मोकळे सोडून उभी होती. पलीकडच्या ओट्यावरून काकूंनी टाळ्या वाजवल्या. मग त्याच पद्धतीने रिमोटही पुन्हा शिकवला आणि तो तिच्या पर्समध्ये टाकला. व्यायामाला वेळेत पोचलो.

शनिवारी संध्याकाळी गेटसमोर आलो तेव्हा हात पुन्हा हॉर्नकडे गेलाच. मधेच थांबवला आणि आरशाकडे नेला. गेट उघडलं, गाडी आत घेतली, चपला काढून स्वयंपाकघराच्या दारात गेलो. ती ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. तव्यावर भाकरी टम्म फुगली होती. या वेळेला मी तिला इथे कधी पाहिलंच नव्हतं, कायम काचेतून, गेटमागेच पाहिलं होतं.

"अगंबाई, आलात? कळलंच नाही!"

"सरक, पुढची मी भाजतो," म्हणालो. तिने उलथनं हातात दिलं आणि खांदा दाबत स्टुलावर बसली. पहिली भाकरी माझ्याकडून करपली.

"टाका ती बाजूला," ती म्हणाली.

मी ती माझ्या ताटात घेतली.